ज्याच्या हाती पाना, तोच ट्रॅक्टरचा धनी



ट्रॅक्टर कोणाचा, असे कोणी विचारले की आपण आर.सी. बुक काढून दाखवतो. त्यावर आपले नाव असते आणि नावाखाली बँकेचा बोजा असतो. आमचे म्हणणे असे की हा पुरावा अपुरा आहे. ट्रॅक्टरच्या पोटाखाली, ऑइलच्या चेंबरला एक बूच असते. कोणी त्याला ड्रेन प्लग म्हणतो, कोणी ऑइलचा नट म्हणतो. ते बूच ज्याला तोडफोड न करता उघडता येते आणि ठिपूसही न गळता परत बसवता येते, ट्रॅक्टर त्याचा. बाकीचे नुसते हप्ते भरणारे.

काही जण हसतील. म्हणतील, कापसाच्या भावाचे मरण आहे, ज्वारीला कोणी विचारत नाही, आणि यांनी नटबोल्टचे पुराण लावले. हसू द्या. भावाचे भांडण आपण सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पण उत्पादनखर्चाची वही उघडून पाहा. त्यातल्या बियाण्याचा भाव आपल्या हातात नाही, खताचा नाही, डिझेलचा तर नाहीच. यंत्राच्या दुरुस्तीची ओळ मात्र बरीचशी आपल्या हातात आहे. फक्त त्या हातात योग्य पाना पाहिजे. आज तिथे बहुतेक घरी काय असते? शेजाऱ्याचा स्क्रू पाना, एक पाइप पाना, छिन्नी आणि हातोडा. सात-आठ लाखांचे यंत्र आणि ते उघडायला दगड फोडायचे हत्यार! हे आता बंद झाले पाहिजे.

एका बुचाने पेरणी कशी बुडते

इंजिनचे ऑइल ठरलेल्या तासांनी बदलायचे असते. पुष्कळ ट्रॅक्टरांना ही मुदत 250 तासांच्या आसपास असते. नेमका आकडा आपापल्या पुस्तकात पाहावा. मृगाच्या तोंडावर, नांगरट-वखरणी उरकून, घरधनी ऑइल बदलायला ट्रॅक्टरखाली शिरतो. बूच मागच्या वेळी कोणीतरी पाइप घालून आवळलेले असते. स्क्रू पाना लावतो, तो घसरतो. पुन्हा लावतो, पुन्हा घसरतो. डोक्याचे सहा कोन झिजून ते गोल गरगरीत होते. मग पाइप पाना, मग छिन्नी. छिन्नीचा घाव चुकून चेंबरवर बसला आणि चेंबर बिडाचे किंवा ॲल्युमिनियमचे असले, तर तडा जातो. दहा-वीस रुपयांच्या वायसरचे काम चेंबर बदलण्यावर जाते.

दुसरा शहाणा म्हणतो, राहू दे, पुढच्या वेळी पाहू. काळे पडलेले ऑइल तसेच फिरत राहते. त्याचा चिकटपणा गेलेला असतो, त्यात काजळी आणि लोखंडाची कीस असते. बेअरिंग आणि क्रँक त्यातच घासतात. हे नुकसान आज दिसत नाही. दोन हंगामांनी इंजिन उतरवावे लागते तेव्हा दिसते.

बागायतदाराला चार दिवस उशीर झाला तर तो पाणी देऊन सावरतो. कोरडवाहू रानात वाफसा कोणासाठी थांबत नाही. पाऊस पडला, वाफसा आला आणि ट्रॅक्टर मेकॅनिकच्या दारात उभा, तर पेरणी पुढच्या पावसावर गेली. तो पाऊस कधी येईल, सांगता येत नाही. म्हणून बुचाचा प्रश्न हा पेरणीचाच प्रश्न आहे.

इंच आणि मिलिमीटर यांचे भांडण

पाना घसरतो याला आपल्या मनगटाचा दोष नाही. पहिले कारण मापाचे आहे. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला. पण ट्रॅक्टर नाना देशांच्या नकाशांवरून आले. मॅसी फर्ग्युसन आणि इंटरनॅशनल ही घराणी इंग्लंड-अमेरिकेची, म्हणजे इंचाची. एचएमटीचा ट्रॅक्टर चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून आला, म्हणजे मिलिमीटरचा. त्यामुळे जुन्या यंत्रांत एका बोल्टला इंचाचा पाना लागतो तर शेजारच्याला मिलिमीटरचा. गावात मात्र सगळ्यांना एकच पाना लावला जातो.

थोडे गणित करू. 3/4 इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, तिथे 19 चा पाना चालून जातो. 15/16 इंच म्हणजे 23.8, तिथे 24 चा चालतो. पण 11/16 इंच म्हणजे 17.46. त्यावर 17 चा पाना चढतच नाही आणि 18 चा अर्धा मिलिमीटर ढिला बसतो. 7/8 इंच म्हणजे 22.2. त्यावर 22 चा जात नाही आणि 23 चा पाऊण मिलिमीटर ढिला. अर्धा-पाऊण मिलिमीटर म्हणजे किती, असे वाटेल. जाम बसलेल्या बुचाचे कोन सोलून काढायला तेवढा ढिलेपणा पुरतो.

म्हणून पहिला नियम: पाना विकत घेण्याआधी बूच मोजा. डोके घासून स्वच्छ करा आणि व्हर्नियर लावून समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर घ्या. घरी व्हर्नियर नसेल तर गावातल्या फिटरकडे असतो, आयटीआय शिकलेल्या पोराकडे असतो. माप एकदा घेतले की ट्रॅक्टरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

बुचाच्या चार जाती

बुचे चार जातींची असतात. जात ओळखल्याशिवाय हत्यार निवडू नये.

पहिली जात, बाहेरून सहाकोनी डोके. इंजिनच्या चेंबरला बहुधा हीच असते. हिला लागतो गोटी पाना किंवा रिंग पाना. गोटीतही दोन प्रकार आहेत, सहा कोनांची आणि बारा कोनांची. बारा कोनांची लावायला सोपी, पण ती बोल्टच्या कोनांजवळ जोर देते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूवर जोर देते, त्यामुळे कोन वाचतात. बुचासाठी सहा कोनांचीच घ्यावी. उघड्या तोंडाचा फिक्स पाना दोनच बाजू धरतो. जाम बुचावर तो लावूच नये. स्क्रू पान्याचा जबडा जोर पडला की उघडतो, म्हणून तोही नको. पाइप पान्याला दात असतात. तो पाइपसाठी जन्माला आला आहे, बुचासाठी नाही.

दुसरी जात, बाहेरून चौकोनी डोके. हिला चौकोनी गोटी मिळते. ती नसेल तर आठ कोनांची गोटीही बसते. मापाची आणि चांगल्या पोलादाची असावी, एवढेच.

तिसरी जात, आतून सहाकोनी खड्डा. हिला एलन की लागते. गिअर बॉक्सच्या बुचांना 10, 12, 14, 17 अशा मोठ्या मापांच्या एलन लागतात, आणि बाजारातल्या लहान सेटमध्ये ती मापे नसतात. तातडीच्या वेळी एक युक्ती आहे. ज्या बोल्टचे डोके 17 चे आहे असा मजबूत बोल्ट घ्या, त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा, डोके बुचाच्या खड्ड्यात घाला आणि आतल्या, म्हणजे डोक्याकडच्या, नटाला रिंग पाना लावून फिरवा. बुचात 17 मापाची एलन तयार झाली.

चौथी जात, आतून चौकोनी खड्डा. गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलच्या भरण्याच्या बुचाला ही पुष्कळदा असते, आणि सर्वांत जास्त हानी हिचीच होते. लोक रॅचेटचे चौकोनी टोक थेट खड्ड्यात घालतात. अर्ध्या इंचाच्या हँडलचे टोक 12.7 मिलिमीटरचे आणि 3/8 इंचाच्या हँडलचे 9.5 चे असते. खड्डा त्याच मापाचा असेल तर ठीक. पण तो 10 चा असेल आणि टोक 9.5 चे, तर ते आत फिरते आणि खड्डा गोल करून बाहेर येते. शिवाय त्या टोकाचे कोन थोडे गोलसर असतात आणि त्यावर गोटी अडकवायची छोटी गोळी असते, म्हणून पकड पूर्ण बसत नाही. यासाठी बुचाची खास चौकोनी चावी मिळते. ती नाही मिळाली तर गावच्या लोहाराला सांगा. जुन्या गाडीच्या एक्सलचा किंवा स्प्रिंगचा तुकडा तापवून, घडवून, कानशीने नेमक्या मापाचा चौकोन तो करून देतो. लोहाराच्या हातचे असे एक काम शहरातल्या चकचकीत पेटीपेक्षा जास्त टिकते.

हात कसा लावावा

हत्यार चांगले असूनही काम बिघडते, कारण क्रम चुकतो. म्हणून क्रम पाठ करावा.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, ब्रेक लावा, चाकांना उटी द्या, मागचे अवजार जमिनीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कोणी शिरू नये, कितीही घाई असो. इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करा. ऑइल कोमट असले की लवकर आणि घाण घेऊन निघते. कढत असेल तर हात भाजतो.

आता सर्वांत मोठा नियम. गिअर बॉक्स किंवा डिफरन्शियलचे ऑइल बदलताना आधी भरण्याचे बूच उघडा, मग खालचे. कारण साधे आहे. खालचे उघडून सारे ऑइल सांडले आणि वरचे बूच जाम निघाले, तर नवे ऑइल घालायचे कोठून? कित्येक ट्रॅक्टरांत हे ऑइल 20-25 लिटरहून अधिक असते. ते जमिनीवर, आणि ट्रॅक्टर जागेवर. वर्कशॉपपर्यंत चालवत नेण्याचीही सोय राहत नाही. भरण्याचे बूच उघडत नसेल तर खालच्याला हातच लावू नये. जुने ऑइल ठेवून ट्रॅक्टर मेकॅनिककडे तरी जाईल.

बुचाच्या खड्ड्यात माती आणि ऑइल यांचा दगड झालेला असतो. खिळ्याने आणि तारेच्या ब्रशने तो साफ करा. एलन किंवा चौकोनी चावी तळापर्यंत गेली पाहिजे. अर्धी गेली तर अर्धेच कोन धरते. हातोड्याने हलके ठोकून बसवा. जाम वाटले तर आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी बुचाच्या डोक्यावर, चेंबरवर नव्हे, दोन-चार ठोके द्या. धक्क्याने गंजाची पकड सुटते.

फिरवायचे कोणीकडे? बुचाचे डोके आपल्या डोळ्यांसमोर आहे असे धरून, घड्याळाच्या काट्याच्या उलट. बाजूला बसून खाली हात घालणाऱ्याचा इथे हटकून गोंधळ होतो आणि सोडवण्याऐवजी तो आवळत बसतो.

हिसके देऊ नका, लांब दांडा घ्या. एक फूट दांड्यावर 30 किलोचा जोर आणि दोन फूट दांड्यावर 15 किलोचा जोर, दोन्हींचे फळ एकच. जात्याचा खुंटा मधल्या खिळाजवळ ठोकला तर दळेल कोण? म्हणून हे काम गड्यांचेच आहे, हे आम्हाला मान्य नाही. दांडा लांब आणि पाना मापाचा असेल तर घरची बाईसुद्धा ते बूच उघडेल. शिवाय उघडताना चेंबरला घाव घालणार नाही.

बसवताना हा लांब दांडा बाजूला ठेवा. बूच आधी नुसत्या बोटांनी चार-पाच आटे फिरवा. अडले तर आटे तिरके बसत आहेत, सोडवून पुन्हा लावा. सरळ आट्यांचे बूच वायसरवर बंद होते; तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा घाला. निमुळत्या आट्यांचे बूच आट्यांवरच बंद होते, त्याला वायसर नसतो. तिथे पुस्तकात सांगितले असेल तसे सील लावा आणि जादा आवळू नका, पाचर ठोकल्यासारखे होऊन बिडाला तडा जातो. "गळू नये म्हणून जरा जास्तच आवळले" हे वाक्य गावातून हद्दपार झाले पाहिजे. गळते ते जुन्या वायसरने.

निघालेले काळे ऑइल ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नका. डब्यात भरून ठेवा, जुने ऑइल घेणारे लोक तालुक्याला असतात.

बूच आधीच गोल झालेले असेल तर

बाहेरचे डोके गोल झाले असेल तर किंचित लहान मापाची सहाकोनी गोटी हातोड्याने त्यावर चढवा. तेही जमले नाही तर वेल्डिंगवाल्याकडून त्यावर एक मोठा नट वेल्ड करून घ्या. उष्णतेने आटेही सुटतात आणि नवे सहाकोनी डोकेही मिळते. आधी आजूबाजूचे ऑइल पुसा, बॅटरीची तार काढा, वाळूची बादली जवळ ठेवा. डिझेलच्या टाकीच्या बुचाशी मात्र वेल्डिंग कधीही नाही. आणि एकदा निघालेले खराब बूच परत लावू नये. नवे बूच घ्यावे, चेंबर जपावे.

आता दोन शब्द टीकाकारांना

पहिले टीकाकार विक्रेते. ते म्हणतात, शेतकऱ्याने हात लावला की वॉरंटी गेली. वॉरंटीचे दिवस आहेत तोवर पुस्तकाप्रमाणे त्यांच्याकडे सर्व्हिसिंग करून पावत्या जपाव्यात, हे आम्हीही सांगतो. पण वॉरंटी संपल्यावरही तीच भीती घालायची, हा धंदा झाला. ऑइल बदलायला ट्रॅक्टर 30-40 किलोमीटर न्यायचा, डिझेल जाळायचे, दिवस बुडवायचा आणि तिथेही एखाद्या शिकाऊ पोराने स्क्रू पानाच लावायचा. यात शेतकऱ्याचा फायदा कोणता?

दुसरे टीकाकार सरकारी खोलीत बसतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात शेती अवजारांचे क्षेत्रही घेतले. चांगली गोष्ट. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये कायदा केला. 1 जानेवारी 2024 पासून तिथल्या शेती यंत्रांच्या कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि हत्यारे शेतकऱ्याला देण्याचे बंधन आले. तिथे भांडण संगणकाच्या कुलपाचे आहे. ते कुलूप इकडेही येत आहे. 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्याबरोबर इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स शिरले. पण आपल्या बहुतेकांच्या दारातले कुलूप अजून लोखंडाचे आहे. ते उघडायला समितीच्या अहवालाची गरज नाही, मापाची गोटी पुरते. आणि ज्याला लोखंडाचे कुलूप उघडता येत नाही, तो उद्या संगणकाच्या कुलपाची किल्ली कोणत्या तोंडाने मागणार?

तिसरे टीकाकार आपल्यातलेच आहेत, छिन्नीचा अभिमान बाळगणारे. "आमच्या आजाने हातोड्यावर शेती केली" म्हणणारे. आजाच्या हातात वखर होता, तिफण होती. त्या काळी तो वखराची पास वेळेवर लोहाराकडे नेत होता, तिफणीचे फण मापाने बसवून घेत होता. हत्याराचा मान राखणे हीच आजाची रीत होती. छिन्नी मारणे ही त्याची रीत नव्हे, आळस आहे.

चौथे दुकानदार. आठवडी बाजारात चाळीस नगांची चमकदार पेटी घेऊन बसलेले. त्यातली गोटी पहिल्याच जाम बुचावर फाकते. चाळीस कच्च्या नगांपेक्षा आपल्या यंत्राला लागणारे पाच पक्के नग घ्या. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे, मापाचा ठसा स्पष्ट असलेले. भारतीय मानकांत उघड्या तोंडाच्या पान्यांना आयएस 2028 आणि रिंग पान्यांना आयएस 2029 असे क्रमांक आहेत, ते विचारा. नाशिकला, जालंधरला, लुधियानाला उत्तम हत्यारे बनतात. मग आपल्या वाट्याला बाजारातला कचरा का?

जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना

एकेका घराला सगळे नग परवडणार नाहीत, गरजही नाही. म्हणून प्रत्येक गावातल्या ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि डिझेल इंजिनवाल्यांनी मिळून एक पेटी करावी. तिच्यात गावातल्या बुचांच्या मापांच्या सहाकोनी गोट्या, मोठ्या एलन, चौकोनी चाव्या, अर्ध्या इंचाचा दोन फुटी दांडा, एक व्हर्नियर, तारेचा ब्रश आणि निरनिराळ्या मापांचे वायसर असावेत. पेटी नेणाऱ्याने वहीत सही करावी, नग हरवला तर भरून द्यावा. अनुदान मागू नये. अनुदानाच्या पेटीत काय निघते हे आपण पाहिले आहे.

मागणी एकच करावी, आणि ती विक्रेत्याच्या तोंडावर करावी: ट्रॅक्टर देताना त्याच्या प्रत्येक बुचाची जागा, जात, माप, आवळण्याचा जोर आणि वायसरचा नंबर मराठीत छापून द्या. एका पानाचे काम आहे. देणार नसाल तर सौदा दुसऱ्या दुकानात होईल. दहा गावांनी मिळून हे सांगितले तर पान छापून येते की नाही ते पाहू.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या यंत्राच्या बुचांची मापे कागदावर लिहून आणा. पेटीची यादी तिथेच पक्की करू. मृग यायच्या आत पेट्या गावात पोचल्या पाहिजेत. आपला हात जगन्नाथ म्हणतात. त्या हातात या वर्षी मापाचा पाना असू द्या.